गाड्यांची इयत्ता

मागच्या अंकात सहामाहीच्या गुणपत्रकांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी एक मनात राहिले. एका आईने विचारले होते, "ज्याच्या घरी अभ्यासाला साधे टेबल नाही आणि ज्याला दोन-दोन शिकवण्या आहेत, अशा दोघांना एकाच यादीत वर-खाली लावता. बाई, याला इन्साफ म्हणायचे का?"

दोन दिवस उत्तर सुचले नाही. मग आठवण झाली ती शाळेतल्या नव्हे, मोटारींच्या शर्यतीतल्या एका गोष्टीची. हसू नका. स्कूटीच्या पुढे माझी मजल कधी गेली नाही, आणि तीसुद्धा पावसाळ्यात मी ढकलतच आणते. पण माझ्या आपाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, पुण्यात डिप्लोमा करून अमेरिकेला गेला. मिशिगन राज्यात मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला आहे. आठवडाभर नोकरी आणि महिन्यातल्या एखाद्या रविवारी शर्यत. आपाला वाटायचे, पोरगा वाया गेला. मग एकदा त्याने व्हिडिओ पाठवला. मोठे मोकळे पटांगण, त्यावर रस्त्याच्या कामाला ठेवतात तसे नारिंगी कोन मांडलेले, आणि त्यांच्यामधून एक बुटकी जुनी मोटार नागमोडी धावतेय. दुसरी गाडी आसपासही नाही. मिनिटभरात खेळ खलास. आपा म्हणाली, "ही शर्यत? ही तर लायसन्सची ट्रायल आहे!"

या प्रकाराला तिकडे ऑटोक्रॉस म्हणतात. एका वेळी एकच गाडी सोडतात, घड्याळ लावतात, कोन पाडला की वेळेत दोन सेकंद वाढवतात. प्रत्येक कोनाभोवती जमिनीवर खडूने चौकट आखलेली असते. कोन उभा राहिला आणि चौकटीला टेकून असला तर माफ. आडवा झाला किंवा चौकटीच्या पूर्ण बाहेर गेला की दंड. हे पाहायला पंच वेगळे नसतात. आपली पाळी नसते तेव्हा स्पर्धकच मैदानात उभे राहून दुसऱ्याचे पडलेले कोन उचलतात आणि दंड कळवतात. खडूचे काम ऐकून मला त्या खेळाविषयी आपोआप आपुलकी वाटू लागली.

आता पत्रातल्या प्रश्नाकडे येते. या मैदानात कोणीही येतो. एकाजवळ नवी कोरी कॉर्व्हेट असते, दुसऱ्याजवळ रोज ऑफिसला नेतो तीच गाडी, तिसऱ्याने घरच्या गॅरेजमध्ये गाडीचे इंजिनच बदललेले. सगळ्यांच्या वेळा एका यादीत लावल्या तर पहिला नंबर पाकिटाचा येणार, चालवणाऱ्याचा नव्हे. म्हणून क्लबांनी गाड्यांचे वर्ग पाडले. उर्दू शाळेत इयत्तेला जमात म्हणतात; भाच्याने 'क्लास' म्हटल्यावर मी म्हटले, "म्हणजे तुझी गाडी कितवी जमात?" तेव्हापासून आमच्या घरी गाड्यांच्या जमाती हाच शब्द चालतो. मराठीत त्याचा अर्थ वेगळा होतो, पण घरच्या गमतीला व्याकरण लावू नये.

अमेरिकेतला असा मोठा क्लब म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, स्थापना १९४४. शर्यतींच्या दुनियेत पूर्वी सोपा हिशेब असे: इंजिन किती सीसीचे, त्यावरून गट. आपण कवायतीला मुलांना उंचीने उभे करतो तसे. पण तेवढ्याच सीसीच्या दोन इंजिनांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, आणि हलक्या गाडीला लहान इंजिनही पुरते. म्हणून पुढे या क्लबाने ती पद्धत सोडून प्रत्यक्ष धावण्याची कुवत पाहून गाड्या वर्गांत बसवायला सुरुवात केली. कोणते मॉडेल कोणत्या वर्गात, याच्या याद्या छापलेल्या असतात आणि त्या बदलत राहतात. एखादे मॉडेल वर्षानुवर्षे सगळ्यांना मागे टाकू लागले की त्याला वरच्या वर्गात ढकलतात. त्यावर वाद किती होतात ते विचारू नका. तुकडी बदलल्यावर पालकसभेत होतात तेवढेच.

ऑटोक्रॉसमध्ये यावर आणखी एक थर आहे. गाडी कोणती, एवढ्याने भागत नाही. तिच्यात काय काय बदलले, हेही मोजतात. सगळ्यात खालचा प्रकार स्ट्रीट, म्हणजे दुकानातून निघाली जवळजवळ तशीच गाडी. त्यात थोडीच मोकळीक. शॉकअप हवे ते लावा. चाकाची रिंग इंचभर लहान-मोठी चालेल. वळणावर गाडी कलू नये म्हणून खाली आडवी दांडी असते, ती पुढची किंवा मागची, एक बदला. सायलेन्सर बदला. पण स्प्रिंग कंपनीचीच हवी. इंजिनच्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. त्याच्या वरचा प्रकार स्ट्रीट टूरिंग. तिथे स्प्रिंग, कॉम्प्युटर, पुष्कळ काही बदलता येते. आणि असे पायरीपायरीने वर जात शेवटी अशा गाड्या येतात, ज्या मैदानावर ट्रेलरवर घालूनच आणाव्या लागतात.

या नियमपुस्तकाचे मूळ सूत्र मला फार आवडले. जे करता येते असे लिहिलेले नाही, ते करता येत नाही. आमच्या वर्गात बरोबर उलटे: "टीचर, तुम्ही नको कुठे म्हटलं होतं?"

अर्थात पळवाटा निघतातच. टायर जितके मऊ तितके रस्त्याला चिकटतात आणि तितके लवकर झिजतात. म्हणून नियम केला की टायरवर छापलेला झीज-अंक किमान २०० हवा. हेतू हा की लोकांनी रोजच्या वापराचे टायर लावावेत. पण तो अंक टायर कंपनी स्वतःच ठरवून छापते. मग बाजारात असे टायर आले की अंक २००, आणि चिकटतात शर्यतीच्या टायरसारखे. हे ऐकून मला दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण आठवले. तेही शाळाच देते.

खऱ्या ट्रॅकवर, जिथे अनेक गाड्या एकदम धावतात, तिथे आणखी पद्धती आहेत. नासा नावाचीच एक संस्था आहे. चंद्रावर जाणारी नव्हे, नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन, १९९१ सालची. तिच्या काही वर्गांत गाडीचे नाव-गाव फारसे विचारत नाहीत, वजन आणि ताकद विचारतात. गाडी रोलरवर चढवून चाकांपर्यंत किती अश्वशक्ती पोचते ते मोजतात, आणि गाडी चालकासकट काट्यावर घालतात. एका वर्गाचे प्रमाण असे की दर अश्वशक्तीमागे किमान १२ पौंड, म्हणजे साधारण साडेपाच किलो वजन हवे. चालकासकट १२०० किलो भरणाऱ्या गाडीला २२० अश्वशक्तीच्या आसपास थांबावे लागते. त्यावर टायरची रुंदी वगैरेसाठी थोडी वजाबाकी-बेरीज. ताकद जास्त असेल तर गाडीत वजन ठोका, किंवा वरच्या वर्गात जा. आणि हे वजन शर्यत संपल्यावरही करतात, पेट्रोल जळून गाडी हलकी झालेली असते तेव्हा. म्हणून शहाणा माणूस आधीच चार किलो जास्त ठेवतो. आमच्या चौकातला भाजीवाला तराजू थोडा झुकता ठेवतो, तसे.

आणखी सरळ उपाय म्हणजे सगळ्यांना एकच गाडी. स्पेक मिआटा नावाच्या वर्गात सगळे माझदाची छोटी मिआटा चालवतात. तिथेही जुन्या आणि नव्या मॉडेलांत फरक, म्हणून कोणाला किमान वजन जास्त, कोणाच्या इंजिनच्या हवेच्या वाटेत अरुंद भोकाची चकती. एवढे करून २०१४ साली लगुना सेका ट्रॅकवर या क्लबाच्या राष्ट्रीय अजिंक्यपदानंतर स्पेक मिआटाची इंजिने उघडली, तेव्हा पुढच्या क्रमांकांतल्या अनेक गाड्या बाद झाल्या. इंजिनच्या हेडमध्ये हवा आत जाते त्या वाटेवरचे थोडेसे धातू खरवडलेले निघाले. बाहेरून सगळ्या गाड्या सारख्या. आतली ती खरवड डोळ्यांना दिसायलाही इंजिन खोलावे लागते.

तक्रार करायची रीतही ऐकण्यासारखी आहे. कोणाच्या इंजिनवर तुम्हाला शंका आली तर नुसते कुजबुजून चालत नाही. लेखी तक्रार द्यायची आणि इंजिन उघडून परत बसवण्याच्या खर्चाइतके पैसे अनामत भरायचे. गाडी नियमात निघाली तर ते पैसे गाडीवाल्याला जातात. चोरी निघाली तर खर्च चोरी करणाऱ्यावर. मला वाटले, आमच्या स्टाफरूममध्ये ही पद्धत लावली तर किती शांतता नांदेल!

या सगळ्या काटेकोरपणाची थट्टा करणारी एक शर्यतही आहे, ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स. २००६ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. अट अशी की गाडीवर ५०० डॉलरपेक्षा जास्त खर्च नको. सुरक्षेचे सामान त्यात धरत नाहीत. गाडीची किंमत जास्त वाटली तर परीक्षक शर्यत सुरू होण्याआधीच दंडाच्या फेऱ्या लावतात. आणि सगळ्यात मानाचे बक्षीस पहिल्या येणाऱ्याला मिळत नाही. जिच्याकडून कोणालाच काही आशा नव्हती अशी खटारा गाडी सगळ्यात जास्त निभावली, तर ते तिला. आपल्याकडे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ पासून आहे, तिथेही गाड्यांचे गट पाडतात, पण असले बक्षीस तिथे असल्याचे माझ्या कानावर नाही. शाळेत मात्र ते मी सुरू करणार आहे.

वेगवेगळ्या वर्गांची तुलना करायचीच असेल तर ऑटोक्रॉसवाल्यांकडे गुणक असतात. रिक रूथ नावाच्या गृहस्थांनी वर्षानुवर्षे देशभरच्या निकालांवरून हे आकडे काढले. समजा साध्या गाडीच्या वर्गाला ०.७९ आणि तयार गाडीच्या वर्गाला ०.८५. साध्या गाडीला ६० सेकंद लागले, तर हिशेबात ४७.४. तयार गाडीला ५६ सेकंद लागले, तर ४७.६. चार सेकंद मागे राहिलेला यादीत पुढे. पत्र लिहिणाऱ्या ताईंना मी हेच सांगणार होते की असे गुणक शाळेतही काढता आले असते तर! पण कोणाच्या घरी टेबल आहे आणि कोणाच्या नाही, हे कोणत्या रोलरवर मोजायचे? शिवाय गुणक गाडीसाठी खरा असला तरी ती गाडी त्या वर्गात शोभेल अशीच आहे, हे आधी गृहीत धरावे लागते. भाच्याची गोष्ट इथेच अडली.

त्याची गाडी १९९५ ची मिआटा. १२८ अश्वशक्ती, वजन हजार किलोच्या थोडे वर, दोन सीट. सेकंडहँड घेतलेली. स्ट्रीट प्रकारात त्याने वर्षभर भाग घेतला आणि हंगाम संपला तेव्हा क्लबात त्याच्या वर्गात पहिला आला. बक्षीस काय, तर क्लबाचे चित्र असलेला चहाचा मग. आपाने तो मग व्हिडिओ कॉलवर अख्ख्या मोहल्ल्याला दाखवला.

हिवाळ्यात त्याने शॉकअप बदलायला गाडी खोलली. बदलायला परवानगीच आहे. शॉकअप काढताना स्प्रिंग हातात आली आणि त्याला ती थोडी बुटकी वाटली. पुस्तकात पाहिले, कंपनीच्या स्प्रिंगचा फोटो शोधला, वेढे मोजले. जुळेनात. आधीच्या मालकाने कधीतरी गाडी खाली बसवायला आखूड, कडक स्प्रिंग टाकल्या होत्या आणि विकताना सांगितले नव्हते. म्हणजे भाचा वर्षभर ज्या वर्गात पहिला आला, त्या वर्गात त्याची गाडी बसतच नव्हती.

त्याचा फोन आला तेव्हा इकडे सकाळ होती, मी डबा भरत होते. "खाला, ये बेईमानी हुई क्या?" मी विचारले, कोणी पाहिले? नाही. कोणी तक्रार केली? नाही. तुला माहीत होते? नाही. "मग बेटा, गप्प राहा. जुन्या स्प्रिंग लाव आणि पुढच्या वर्षी खेळ." तो बराच वेळ बोलला नाही. मग "ठीक आहे खाला" म्हणाला आणि फोन ठेवला.

डबा घेऊन शाळेत गेले, पण दिवसभर हाताला काम लागेना. कारण पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची एक सही मला आठवत होती. मी नोकरीत नवीन होते. तालुक्याच्या क्रीडास्पर्धेला मुले पाठवायची होती, चौदा वर्षांखालचा गट, शंभर मीटर. वयाचे दाखले तपासून सही करायचे काम माझ्याकडे. आमचा सगळ्यात जोरात पळणारा मुलगा वर्गात डोक्याने सगळ्यांपेक्षा उंच, मिसरूड फुटलेले. दाखल्यावर जन्मतारीख व्यवस्थित गटात बसणारी. त्याची धाकटी बहीण माझ्याच वर्गात होती, आणि हजेरीपटावर तिची जन्मतारीख त्याच्यानंतर बरोबर पाच महिन्यांची. पाच महिन्यांच्या अंतराने दोन सख्खी भावंडे! मी ते पाहिले. दोनदा पाहिले. आणि सही केली. शाळेला ढाल हवी होती, मला नोकरीत कायम व्हायचे होते.

तो पहिला आला. दुसरा आला दुसऱ्या गावच्या शाळेचा एक बारका मुलगा, अनवाणी पळालेला. जिल्ह्याला फक्त पहिला जात असे. त्या मुलाने शर्यतीनंतर आमच्या मुलाकडे खालपासून वरपर्यंत एकदा पाहिले होते. बोलला काही नाही. तक्रार करायला त्याच्याकडे कोण होते, आणि अनामत कोण भरणार होते?

रात्री मी भाच्याला फोन लावला. सांगणार होते की माझे ऐकू नकोस. तो म्हणाला, "खाला, मी दुपारीच क्लबाला ईमेल केलाय." वर्षभराचे आपले निकाल काढून टाका, गाडी वर्गात बसत नव्हती, असे त्याने लिहिले होते. मी त्याला सहीची गोष्ट सांगितली. आजवर घरात कोणाला सांगितली नव्हती. तो ऐकत राहिला आणि शेवटी एवढेच विचारले, "त्या मुलाचं नाव माहीत आहे का, खाला?" माहीत नव्हते.

दुसऱ्या नंबरवर होता साठीचा एक निवृत्त पोस्टमन. गाडी तीच, फक्त रंग लाल. भाचा मग घेऊन त्याच्या घरी गेला. म्हाताऱ्याने मग उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, चहा यात मीही पिणार नाही आणि तूही प्यायला असशील. मग तुझ्याकडेच ठेव, गुण तेवढे मला दे. क्लबाने यादी सुधारली.

कंपनीच्या जुन्या स्प्रिंग लगेच मिळाल्या नाहीत, आणि हंगाम सुरू झाला. मग पहिल्या रविवारी भाचा वरच्या वर्गात, स्ट्रीट टूरिंगमध्ये उतरला. नियमाने बरोबर, पण तिथल्या गाड्यांत जे जे बदलता येते ते सगळे बदललेले. याच्याकडे वरच्या वर्गातली म्हणावी अशी एकच वस्तू, त्या आखूड स्प्रिंग. एका भागापुरता नियम मोडला की माणूस अर्धा वर्ग वर जात नाही, पूर्ण जातो. अकरा गाड्यांत अकरावा आला. त्यात दोन कोनही पाडले.

संध्याकाळी तो लाल मिआटावाला म्हातारा त्याच्याकडे आला. डिकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार स्प्रिंग काढल्या. त्याने स्वतःच्या दुसऱ्या एका गाडीच्या काढून ठेवल्या होत्या. वीस डॉलर घेतले, फुकट दिल्या नाहीत.

आपाला भाच्याने सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे आता तू शेवटचा?"

"हो अम्मी."

"आणि मग?"

"मग आहे घरात."

"मग ठीक आहे," आपा म्हणाली. मोहल्ल्यातल्या कोणालाही तिने अजून यातले काही सांगितलेले नाही.